बुचं

थॉर्नशॉच्या बागेत, कालव्याच्या कडेला तंबू.
वर कापडी फलक: स्थानिक बंडखोर इतिहास महोत्सव, वर्ष तिसरं.
लाल रंग ओघळत ओघळत
खालच्या 'चहा आणि केक'वर येऊन बसलाय.

मी साडेअकराची.
माझ्याआधी जुन्या गिरण्यांची पायी फेरी होती, ती रद्द.
माझ्यानंतर हातमागाचं प्रात्यक्षिक,
तो माग व्हॅनमधून उतरलाच नाही.
म्हणजे आज मी एकटीच इतिहास.

श्रोते नऊ. त्यातले दोघं नुसते आडोशाला आलेले.
शिवाय एक व्हिपेट कुत्री, अंगात रेनकोट, तरी पोट थरथरतंय.
थेल्मा माइकवर बोट वाजवते. माइक मुका.
जनरेटरमध्ये पाणी गेलंय म्हणे.
"रेटून वाच गं," ती म्हणते,
"बसमधल्या मागच्या सीटवरच्या पोरांवर ओरडायचीस तशी."

बावीस वर्षं ओरडले. येतं मला.

कविता केझाया हॉल्रॉइडची.
अठराशे बेचाळीसचा ऑगस्ट, मजुरी कापलेली,
माणसं डोंगर उतरून आली, गिरणीमागून गिरणी,
बॉयलरची बुचं काढत.
बूच निघालं की पाणी जातं, वाफ जाते,
आणि हजार चात्या एकदम गप्प.
केझाया त्यांत होती, एवढंच ठाऊक.
न्यायाधीशाच्या वहीत दीड ओळ:
वय एकोणीस, विणकर, ॲप्रनमध्ये दगड.
सही येत नाही. फुली.

त्या दीड ओळीची मी चार पानं केली.
तीन हिवाळे गेले.

आणि तिसऱ्या पानावर शाई फुटते.
तंबूच्या शिवणीतून थेंब पडतोय, नेमका
ती तापलेल्या लोखंडाला हात घालते त्या ओळीवर.
निळा डाग. ओळ आठवत नाही.
स्वतःची ओळ!

मी थांबते. ताडपत्रीवर पाऊस तेवढा बोलत राहतो.
इथल्या पावसाला मुसळ नसतं, सुया असतात,
दिवसभर टोचतात, जीव घेत नाहीत.
आई म्हणायची, शिव्या नको देऊस,
ह्या ओलीवरच आपलं सूत टिकलं,
कोरड्या हवेत कधीच तुटलं असतं.

मग तोंडाला येईल ते म्हणून टाकते:
"तिनं हात घातला. भाजला. पुन्हा घातला."

शेवटच्या खुर्चीवरून एक म्हातारा उठतो,
टोपीचं पाणी झटकतो.
"दगड नव्हते," म्हणतो. "बटाटे होते.
दगड आमच्या माणसानं सांगितले. एफ्रम क्लेग,
गिरणीचा पहारेकरी. जबानी त्याची.
आमच्या घरात मरताना सांगतात हे, एकानं दुसऱ्याला.
बापानं मला सांगितलं.
मला मूलबाळ नाही. म्हणून आलो."

टाळी कुणी वाजवत नाही. कशाला वाजवायची?
थेल्माच्या हातातला चहा तसाच.
कुत्री अंग झाडते, पहिली रांग भिजते.
"वाच की पुढं," तो म्हणतो आणि बसतो.

पण चौथं पान सगळं दगडांचं.
काचा फुटतात, यमकं खणखणतात,
माझं सगळ्यात चांगलं पान.
मी दगडाच्या जागी बटाटा म्हणत वाचते.
बटाट्यानं गिरणीची काच फुटत नाही.
पान माझ्या तोंडातच ढासळतं,
आडोशाला आलेल्यांतली एक खुदकन हसते, मग मीही,
आणि क्लेग मात्र मान खाली घालून
एकेक बटाटा मोजत असल्यासारखा ऐकतो.

मानधन: लिंबाचा केक आणि बसचं भाडं.
बाहेर चिखलाचा राडा, फलकावर आता
चहाही नाही, केकही नाही.

परतीच्या बसमध्ये मी उतारू, ओली पानं मांडीवर.
पुढच्या सीटवर तोच. काचेची वाफ बाहीनं पुसतो,
जुन्या गिरणीच्या जागी फ्लॅट आहेत तिथं बघतो.
बोलत नाही.
आपल्या स्टॉपवर उठतो, दांडा धरून मागं वळतो:

"उकडलेले होते की कच्चे,
ते नाही सांगितलं बापानं."